सायमाचा चेहरा

"डाव्या हाताने रंगवायचं, आणि तेही डोळे मिटून! उजव्या हाताला म्हणे फार अक्कल असते," असं म्हणत हेल्वी माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि सरळ भाज्या धुवायच्या सिंकमध्ये हात धुवायला लागली. कोपरापर्यंत निळी झाली होती.

"तिथे नको गं! तिथे मी डाळ धुते," मी ओरडले.

"धू की. तेवढाच तुझ्या सुपाला रंग येईल."

बासष्ट वर्षांची बाई आणि तोंड हे असं. पण मला बरं वाटलं. आदल्या दिवशी शिबिराला आली तेव्हा दात काढून घ्यायला आल्यासारखी बसली होती.

हेल्वीने आमच्या बेटाच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं गाड्या लावून घेतल्या. नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, पावसात असो की बर्फात, दोन्ही हातांनी "पुढे, अजून पुढे, बस" करत उभी. बेटावर येणाऱ्या प्रत्येक माणसाने तिचं ऐकलेलं आहे आणि तिच्याकडे पाहिलेलं कुणी नाही. मे महिन्यात ती निवृत्त झाली. बोटीवरच्या लोकांनी मिळून तिला या शिबिराची भेट दिली. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. बाई एकटी राहते, नवरा नाही, मूल नाही, जन्मभर वाऱ्यात उभी राहिली, तिचे जरा लाड होऊ देत, असं त्यांना वाटलं. पत्रकावर छापलं होतं, ‘अंतःप्रेरणेने चित्र काढा, आपल्यातल्या देवीशी तुटलेलं नातं पुन्हा जोडा.’

"तुटायला आधी ओळख तर पाहिजे," हेल्वी म्हणाली होती. पण मित्रांनी दिलेली भेट परत करायची तिची जात नाही, म्हणून आली.

मी जिथे स्वयंपाक करते ते शिबिरकेंद्र म्हणजे पूर्वीचा सॅमन मासे डबाबंद करण्याचा कारखाना. नव्या मालकांनी जुन्या तुळयांना पॉलिश केलं, जमिनीखालून ऊब यायची सोय केली, खिडक्यांना पांढरे पडदे लावले. कारखाना चालू होता तेव्हा त्याच जागी चाळीस बायका रबरी बूट घालून, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून, दहा-दहा तास मासे साफ करत उभ्या असायच्या. माझी आई त्यात होती. हेल्वीची आई सायमा होती. शिबिराच्या बायका पहिल्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये डोळे मिटून उभ्या राहतात आणि म्हणतात, "काय स्त्रीशक्ती आहे गं इथे!" दरवेळी मला वाटतं, बाहेर जाऊन सांगावं, की बायांनो, ती शक्ती इथेच संपली, म्हणून तर त्या चाळिशीत वाकल्या. पण मी सूप ढवळत राहते. पगार सुपाचा आहे, बोलण्याचा नाही.

शिबिर घेणारी बाई स्वतःला सेलीन म्हणवते. तिची पत्रं शॅरिल या नावाने येतात, ती मीच तिला नेऊन देते म्हणून मला ठाऊक. नाव बदलल्याने कुणी वाईट होत नाही आणि सेलीन वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. गोड बोलते, रडणाऱ्या बाईजवळ तासन्‌तास बसते. वाईट असती तर तिच्यावर रागावणं मला सोपं गेलं असतं.

तिचे नियम भिंतीवर टांगलेले असतात. विचार करायचा नाही. दुसरीच्या चित्राबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, बरा नाही आणि वाईटही नाही. फोन पहिल्या दिवशी टोपलीत टाकायचे ते पाचव्या दिवशी परत घ्यायचे. आणि ‘माझं चित्र झालं’ असं कधी म्हणायचं नाही, थरावर थर चढवत राहायचं, कारण देवी नेहमी पुढच्या थरात असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हेल्वी माझ्याकडे आली. मी कॉफी पुढे केली. ती तिने घेतली आणि तशीच हातात धरून बसली.

"डॉट, बूट आलेत," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"आईचे. मी काढले नाहीत गं. मी नुसता काळा रंग फासत होते, त्या वेड्या डाव्या हाताने. आणि बघते तर बूट. वरची कड दुमडलेले. ती दुमडायची बघ, पिंढरीला काचायची म्हणून."

दुमडायची खरी. मला ते आठवत होतं.

सायमा गेली तेव्हा हेल्वी आठ वर्षांची होती आणि मी तेरा. आमची घरं शेजारी-शेजारी. पुढच्याच हिवाळ्यात त्यांच्या धुराड्याने पेट घेतला आणि घराबरोबर होते नव्हते ते चार फोटोही जळाले. कारखान्याकडे काही नव्हतं. मासे साफ करणाऱ्या बायकांचे फोटो कोण कशाला काढून ठेवेल? बाप गेला, थोरला भाऊ गेला, कारखान्यातल्या बायका एकेक करून गेल्या. सायमाला डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता दोनच उरली होती, हेल्वी आणि मी. फार वर्षांपूर्वी, वाफेच्या खोलीत आम्ही दोघी अंग शेकत बसलो असताना, अंधार होता म्हणून असेल, हेल्वी एकदाच म्हणाली होती, "आठ वर्षं तिच्याशेजारी बसून जेवले, आणि मला तिचं तोंड आठवत नाही."

आणि मला? मला सायमाचा आवाज आठवतो. तिचा वेलदोड्याचा गोड पाव आठवतो, कुंपणावरून आम्हा पोरांना ओरडायची ते आठवतं. चेहरा कसा होता ते विचाराल तर शब्दांत सांगता यायचं नाही. पण समोर आला असता तर ओळखला असता, एवढी माझी खात्री होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता वर जायचं," हेल्वी म्हणाली. "एप्रन, हात... आणि मग वर. भीती वाटतेय गं."

देवीबिवी मला कळत नाही. पण या सगळ्यातलं सर्वांत वाईट हेच आहे, की सेलीनची ती पद्धत खोटी नव्हती. डाव्या हाताने, विचार न करता, चोपन्न वर्षांपूर्वीची आई पायांकडून वर येत होती. ज्या बाईला साधा कुत्रा काढता येत नाही, तिच्या हातून.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी कणीक मळत होते. दारात हेल्वी उभी. कपाळावर, गालावर, केसांत रंग. तिचा अंगठा तपकिरी झाला होता.

"डॉट, चल."

"काय झालं?"

"आई आलीय."

माझे हात कणकेतच थांबले.

"तू बघून सांग," ती म्हणाली. "मला वाटतंय तीच आहे. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? मी आठ वर्षांची होते. तू मोठी होतीस. तू नुसतं बघ आणि सांग, तीच का ते."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हात भरलेत गं, सूपही खाली लागेल. दहा मिनिटं थांब. पाव ओव्हनमध्ये सरकवते आणि येते."

"थांबते की. इतकी वर्षं थांबले," असं म्हणून ती स्टुलावर बसली. दहा मिनिटं मला सांगत राहिली. नाक काढलंच नाही, ते आलं. गाल अंगठ्याने पुसत होते तर हाडाचा उंचवटा आला. डोळे नीट नाहीत, पण बघणं तिचं आहे. चिडलेलं नाही आणि हसरंही नाही, दमलेली बाई दारातून आत येताना बघते ना, तसं. मी हं हं करत पाव वळत होते. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. हॉलमधून ढोलाचा आवाज यायला लागला, पण तो तर रोजच यायचा.

हात धुऊन, पुसायचं फडकं खांद्यावर टाकून मी तिच्याबरोबर गेले.

हॉलमध्ये बायका गोल करून आपापल्या चित्रापुढे उभ्या असतात. त्या दिवशी आपापल्या नव्हत्या. प्रत्येक बाई एक जागा डावीकडे सरकली होती. सेलीनचा चौथ्या दिवशीचा रिवाज असतो, तो आधी कुणाला सांगायचा नसतो. आपल्या चित्रात आपण फार गुंततो, म्हणून त्या दिवशी प्रत्येकीने शेजारणीच्या चित्राला एक थर ‘भेट’ द्यायचा. आत जे स्फुरेल ते. आणि हेल्वी जागेवर नव्हती तरी तिचं चित्र सोडलं नव्हतं, कारण मध्ये रिकामी जागा राहिली की वर्तुळ तुटतं म्हणे.

हेल्वीच्या चित्रापुढे जॉस्लिन उभी होती. कॅल्गरी शहरातली दातांची डॉक्टर, पस्तिशीची, गोड पोरगी. रोज माझ्याकडे येऊन जेवणाबद्दल आभार मानायची. तिचे दोन्ही तळवे सोनेरी होते.

चित्रात खाली बूट होते, कड दुमडलेले. वर लांब रबरी एप्रन. दोन दणकट हात, मनगटाशी लालसर, आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून धरलेला. गारठ्याने तो बधिर व्हायचा म्हणून सायमा तसाच धरायची. मी विसरूनच गेले होते. खांदे होते, मान होती. आणि मानेच्या वर एक मोठं पांढरं वर्तुळ, त्यात सोनेरी रंगाची गरगर.

हेल्वी ओरडली नाही. तिने हाताचा पंजा वर केला, डेकवर गाडी थांबवायला करायची तसा. जॉस्लिन थांबली. ढोलही थांबला.

"माझं काही चुकलं का?" जॉस्लिनने विचारलं. "मला आतून आलं, की इथे प्रकाश द्यावा. म्हणून आधी पांढरा दिला आणि..."

"तिथे माझी आई होती," हेल्वी म्हणाली.

मी खांद्यावरचं फडकं ओढलं, ओलंच होतं, आणि त्या वर्तुळावर घासायला लागले. सोनेरी निघाला. पांढरा निघाला. मग फडक्यावर तपकिरी दिसला.

"थांब डॉट, थांब!" हेल्वीने माझा हात धरला. "तीपण निघतेय."

मी थांबले. कॅनव्हासवर तिन्ही रंगांचा चिखल झाला होता. त्यात ना देवी होती, ना सायमा.

"फोटो," मी म्हणाले. "कुणी फोटो काढला असेल ना सकाळपासून? एकीने तरी?"

बारा बायकांनी दाराजवळच्या टोपलीकडे पाहिलं. टोपलीत सगळ्यांचे फोन होते, वर लव्हेंडरची जुडी ठेवलेली.

सेलीन पुढे आली. हेल्वीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बहिणी, ती गेली नाही. ती खालच्या थरात आहे. तुझ्या व्यक्तिगत आईच्या मागे जी आदिमाता वाट बघत होती ना, तिला वाट मिळाली. आज दुखेल. पण तू आता..."

"व्यक्तिगत आई?" मी म्हणाले. माझा आवाज कुठे जाऊन पोचला ते मलाच कळलं नाही. "अगं बाई, आई दुसरी कुठली असते? सार्वजनिक?"

"डॉट, प्लीज. वर्तुळात आपण चित्राबद्दल बोलत नाही."

"मी चित्राबद्दल बोलतच नाहीये! मी सायमाबद्दल बोलतेय. ज्या फरशीवर तू अनवाणी उभी राहून शक्ती शोधतेस ना, त्या फरशीवर ती अठरा वर्षं बूट घालून उभी होती. तिचा एक फोटो नाही या जगात. एक! आज सकाळी तिचं तोंड आलं होतं इथे. आणि तुम्ही त्याला चुना लावलात, देवी दिसावी म्हणून?"

"मला माहीत नव्हतं," सेलीन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. त्याचाही मला राग आला.

"विचारायचं होतंस."

"आम्ही विचारत नाही गं. विचारलं की मन मध्ये येतं."

हेल्वी तोवर भिंतीवरचे नियम वाचत होती. चार दिवसांत पहिल्यांदाच नीट वाचत असावी.

"दुसरीच्या चित्राबद्दल बोलायचं नाही," ती हळूच म्हणाली. "आणि हात मात्र घालायचा?"

हेल्वीने आपले ब्रश उचलले. ते केंद्राचे होते म्हणून तिने ते माझ्या सिंकमध्ये एकेक करून धुतले, डाळीच्या नाही, भांड्यांच्या, आणि फडक्यावर ओळीने वाळत घातले. मग कॅनव्हास काखेत मारून निघाली. जॉस्लिन मागून धावत आली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"तुम्ही माझ्या चित्रावर काहीही करा," ती म्हणाली. "पुसा, फाडा, हवं ते करा. मला बरं वाटेल."

हेल्वीने तिच्याकडे पाहिलं. "तुझं तुला राहू दे पोरी," ती म्हणाली. "सांभाळ फक्त. दुपारी पुन्हा सरकवतील."

त्या दिवशी मी बारा जणींना सूप वाढलं. एकदम छान झालं होतं, जराही लागलं नव्हतं. ते बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. लागलं असतं सूप! एक दिवस त्या बारा जणींनी जळकं खाल्लं असतं, पाव कच्चा खाल्ला असता, काय बुडालं असतं? सेलीनवर मी आरडाओरडा केला, पण ती दहा मिनिटं सेलीनने मागितली नव्हती, मी मागितली होती. मी तेव्हाच गेले असते तर चेहरा वाचला असता. वाचला नसता तरी मी पाहिला असता. हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते. आता ते कुणीच कधी म्हणू शकणार नाही. हा राग मी कुठे नेऊन ठेवू, ते मला अजून कळलेलं नाही.

सेलीनने हेल्वीला लांबलचक पत्र पाठवलं. पुढच्या शिबिराला यावं म्हणून आग्रह केला. हेल्वीने ते घडी करून मला वाचायला दिलं आणि परत मागितलं नाही. पुढच्या शिबिरात चौथ्या दिवसाचा रिवाज तसाच झाला. मी दारात उभी राहून पाहिला. फक्त आदल्या संध्याकाळी मी सगळ्या टेबलांवर जाऊन सांगितलं होतं, "बायांनो, उद्या तुमचं चित्र शेजारीण रंगवणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी आज रात्रीच ते आपल्या खोलीत नेऊन ठेवा." सात जणींनी नेलं. सेलीनने माझी मालकांकडे तक्रार केली. मालकांनी मला बोलावून घेतलं, मी गेले, आणि अजून तरी नोकरी आहे.

हेल्वी त्या विषयावर बोलत नसे. मीही काढत नसे. उन्हाळा गेला. ऑक्टोबरात एका रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. मासा भाजला होता, बटाटे उकडले होते. आत शिरले तर टेबलाजवळच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला.

दुमडलेल्या कडांचे बूट. एप्रन. लालसर मनगटं. अंगठा मुठीत. खांदे, मान, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल. आणि रुमालाच्या खाली, चेहऱ्याच्या जागी, कोरा कागद. तिथे रंगाचा एक ठिपकाही पडू दिला नव्हता.

"कितीदा काढलं," हेल्वी ताटं मांडता मांडता म्हणाली. "डाव्याने, उजव्याने, डोळे मिटून. येतच नाही. नाक काढायला जावं तर माझंच येतं."

"मग तिचं तसंच असेल."

"छे. माझं बापाचं आहे." ती थांबली. "म्हणून म्हटलं, तेवढी जागा सोडू. उगाच कुणाचं तरी तोंड बसवण्यापेक्षा."

मी चित्रासमोर उभी राहिले. हेल्वी हातात बटाट्यांचं भांडं धरून मागे उभी होती. तिने विचारलं नाही. या खेपेला मी तिला थांबायला लावलं नाही.

"सायमाच आहे," मी म्हणाले.

"खरं सांगतेस?"

"खरं."

हेल्वीने मान हलवली. भांडं टेबलावर ठेवलं. मग आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली, चित्राकडे पाठ होऊ नये म्हणून, आणि आम्ही जेवायला बसलो.